याडीच्या आवाजाचा बिघाड

९ फेब्रुवारी २०२५

अमरदीप,

भिया म्हणावं का नुसतं नाव घ्यावं, हे माझं अजून ठरलं नाही. तवा सध्या नावच. फोन बदलला तं बदलला, बहिणीले तरी सांगाचा होता. मी काय तुझ्या दारात भांडाले आली असती?

हा पत्ता मले कोणी दिला नाही. ज्या प्रोग्रामातून याडी, आपली माय, बोलते, त्याचा तू लिवलेला मूळ कोड नमरानं इंटरनेटवरून उतरवला. त्यात सगळ्यात खाली इंग्रजीत होतं, सांभाळणारा: अमरदीप मोहनसिंग आडे, अन् पुढं हा मेल. मी मालेगावले युनूसचाचाच्या दुकानात बसली होती, तठीच रडाले लागली. चाचाले वाटलं लॅपटॉप मेला म्हणून रडते. म्हणे, "रो मत बेटी, दूसरा है." नमरा त्याईचीच पोरगी. कॉलेजात माझ्यासंग होती, आता कॉम्प्युटर दुरुस्तीचं सगळं तीच पाह्यते.

तू नावातून बापूचं मोहनसिंग काढलं नाही. मले वाटलं होतं, काढलं असशीन.

झालं असं, का बकरीच्या पिल्लानं चार्जरची वायर ओढली अन् तुझा तो लॅपटॉप बाजीवरून खाली आला. पार फुटला. नमरानं त्यातली डिस्क काढून चाचाच्या दुसऱ्या जुन्या लॅपटॉपात टाकली. मी बटनावरची चित्रं उकरून नव्या बटनावर चिकटवली. पाण्याचा गिलास, चूल, बकरी, बापूची पगडी, सगळी. याडीनं मोठ्या हौसेनं गिलास दाबला. आवाज नाही. काळ्या पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ, बेकायदेशीर सूचना. मी वाचून दाखवलं तं बापू म्हणे, "कोणता कायदा मोडला आपण?"

हासू नको. तवापासून याडी मुकी आहे. एकदा गळ्याच्या ऑपरेशननं मुकी झाली होती, तवा तिच्याच आवाजाची मशीन तू करून ठेवली होती. तिच्याकडून पोतंभर वाक्यं बोलून घेतली, दुखत्या गळ्यानं, ते मी पाह्यलं आहे. आता दुसऱ्यांदा मुकी झाली. भाकर थापता थापता हात चुलीवर आपटते अन् बोटानं दाखवते, हे दे, ते दे. बापूले समजत नाही अन् ते चिडते.

अजून एक. वैशाखात माझं लगन आहे. पोरगा रिठदकडच्या तांड्याचा, बादल नाव. चांगला आहे. मी निघताना, ढावलोच्या वक्ताले, याडीले रडाले आवाज पाह्यजे. बाकी तुले समजते.

आपसात आपण आपल्या गोरमाटी बोलीत बोलतो, पण भांडण करायले मी मराठी शाळेत शिकली, म्हणून मराठीत लिवते. उत्तर दे.

रुचिका


२ मार्च २०२५

अमरदीप,

उत्तर नाही आलं. बरं.

नमरा म्हणते, तुझा प्रोग्राम तू तुझ्याच लॅपटॉपच्या मापानं शिवला होता. दुसऱ्याचं पोलकं आपल्या अंगात चढत नाही, तसं झालं. आता मूळ कोडापासून याच मशीनसाठी नव्यानं बांधा लागते. तं आमी दोघी दुकान बंद झाल्यावर बसलो.

मले या गोष्टी येत नव्हत्या, आता जराशा येऊन राह्यल्या. तुझं लिवलेलं मशीनीले समजीन असं करून देते त्याले कंपायलर म्हणते. त्याले काम कसं कराचं ते सांगाले बारीक बारीक सूचना द्या लागते, त्याईले फ्लॅग म्हणते. नमरानं तिच्या बाजूनं फ्लॅग दिला, कोणत्याबी मशीनवर चालीन असं बांध. बांधलं. पुन्हा बेकायदेशीर. पुन्हा दिला, पुन्हा तेच. तिचं डोकं फिरलं. चाचा चहा घेऊन आले अन् तसेच मागं गेले.

मंग सापडलं. तुझ्या फाइलीत खाली तू लिवून ठेवलं आहे, ज्या मशीनवर बांधतो त्याच्या मापानं बांध. अन् वरून नमराच्या कॉम्प्युटरचं माप चाचाच्या लॅपटॉपच्या मापाहून मोठं, ती बांधून राह्यली होती तिच्या मशीनवर. दोन उलट फ्लॅग मिळाले तं कंपायलर भांडत नाही, विचारतबी नाही. जो शेवटी सांगितला त्याचं ऐकते. अन् शेवटचा तुझा होता. मी म्हनलं, बाई, हा आमच्या बापूचाच पोरगा, याचा शब्द शेवटचा असाच पाह्यजे.

तुझी ओळ खोडली. चाललं. याडीनं गिलास दाबला अन् तिचा आवाज आला, "पाणी दे." बापू अंगणात होते. ते धावत आले. पाण्याचा गिलास हातात होता, मशीन सुरू झाली हे त्याईले कोणी सांगतलंबी नव्हतं.

मी बापूले सांगतलं, पत्ता सापडला. अन् हेबी सांगतलं, का त्यात मोहनसिंग लिवलं आहे. ते म्हणे, "मंग? बापाचं नाव लिवाच लागते." अन् उठून बैलाकडं गेले. थोड्या वेळानं परत आले अन् विचारून राह्यले, कोणत्या अक्षरात लिवलं आहे?

रुचिका


१६ मार्च २०२५

अमरदीप,

आता खरी पंचाईत ऐक. मशीन बोलते. पण ढावलो म्हणत नाही.

आमची चूक अशी, का आमी घरात फक्त रोजचं बोलणं करून पाह्यलं. पाणी दे, बसा, चहा घ्या, बकरी सुटली. ढावलो कोण करून पाहीन? नवरी निघते तवा माय-लेकी गळ्यात पडून सूर लावून रडतात, ते रडणं घरात उगाच काढाचं नाही हे याडीचं पक्कं. तू सगळ्यापेक्षा जास्त जाणतो. त्याच्याच पायी तं तू गेला.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तू याडीले म्हनला, "उद्या आवाज जाईन, रुचीच्या लगनाचा ढावलो आजच म्हण, मी भरून ठेवतो." तिनं नाही नाही म्हणत सूर लावला. बापू आले. "बायको जिवंत, पोरगी कुवारी, अन् तू घरात रडणं भरून ठेवतो? मशीनीसाठी मायले रडवतो?" त्याईनं माइकची वायर उपटली अन् तुले म्हणे, निघ. तू निघाला. ऑपरेशन झाल्यावर लॅपटॉप चाचाच्या दुकानात ठेवून गेला, घरी पाय नाही टाकला. बापू अजूनबी चार लोकात म्हणते, पोरानं बोलवून बोलवून तिचा गळा नेला. डॉक्टरनं तंबाखूनं गळा गेला असं सांगितलं होतं. बापूनं ऐकलं, पण मानलं नाही.

तुझ्या प्रोग्रामात सूर वर-खाली कराची अन् अक्षर लांबवाची सोय आहे. पाणी मागाले लांब सूर कायले पाह्यजे? तुझ्या मनात ढावलोच होता ना? खरं सांग.

तं मी याडीच्या ओठावरून शब्द लिवून घेतले अन् नमराच्या दुकानात दार लावून लावले. सुरू झालं. माय गं, काय आवाज होता! तिचाच. नमरानं ओढणी तोंडावर घेतली. अन् पहिलाच लांब सूर वर चढला अन् मधातच बंद. मंग कोणतंच बटन बोले ना. मशीन बंद करून सुरू केली तं पुन्हा पाणी दे, चहा घ्या, सगळं ठीक. लांब सूर लावला का पुन्हा तुटते.

नमरा म्हणते, इथंबी दोन फ्लॅगचं भांडण आहे. एक म्हणते, प्रत्येक हिशोब तपासून कर. तुझा खालचा म्हणते, तपासत बसू नको, भराभर कर. छोट्या वाक्यात चालून जाते. लांब सुरात आकडा फुगत जाते, फुगत जाते, अन् तपासणारा कोणी नाही म्हणून सगळं मुकं होते. तुझा घाईचा फ्लॅग खोडला तं सूर तुटत नाही, पण मशीन इतली हळू होते का याडीनं गिलास दाबून तहान मरून जाते तवा आवाज येते. पाहुणा उठून गेल्यावर मशीन म्हणते, बसा.

घाई कोठी ठेवाची अन् तपासणी कोठी, हे ज्यानं लिवलं त्यालेच ठावं, असं नमरा म्हणते. म्हणून लिवून राह्यली. माझ्यासाठी नको करू. याडीसाठी कर. ती पोरीच्या लगनात मुकी उभी राह्यली तं जन्मभर तिच्या मनातून जाणार नाही. माझ्याबी.

रुचिका


३ एप्रिल २०२५

भिया,

आज नमराचा फोन आला. म्हणे, नवीन व्हर्जन आलं आहे, तुझ्या भावानं टाकलं. मी हातातलं निवडाचं सोयाबीन तसंच टाकून बसनं मालेगावले गेली. घाईचा फ्लॅग सगळ्याले ठेवला अन् लांब सुराच्या एका फाइलीपुरता काढला. एकाच फाइलीपुरता! नमरा कपाळावर हात मारून घेते, आपल्याले काहून नाही सुचलं. ढावलो लावला. सूर चढला, चढला, उतरला. नाही तुटला.

मंग मी तुझी चिठ्ठी वाचली, व्हर्जनसंग दोन ओळी असते ते. "लांब स्वर मध्येच बंद पडत होता, दुरुस्त. कळवणाऱ्याचे आभार."

कळवणारा?

मी तुले पत्रावर पत्रं लिवली. लगन आहे म्हणून लिवलं, याडी मुकी आहे म्हणून लिवलं. तू त्यातला बिघाड तेवढा वाचला. अरे, मी तुझी भेन आहे का कस्टमर? एक ओळ लिवाले तुले काय झालं होतं?

लगन मे महिन्यात, अकरा तारखेले. मी आमंत्रण देत नाही. भावाले आमंत्रण द्या लागते का?

रुचिका


१८ मे २०२५, रिठदजवळ

भिया,

तू नाही आला. सगळं कसं झालं ते सांगते, मंग राग काढते.

निघाच्या वक्ताले सुंदरबाईनं, आपल्या फुपीनं, मशीन खुर्चीवर ठेवली. याडीनं माह्या गळ्यात हात टाकले. मी बटन दाबलं. आवाज आला तशा तांड्यातल्या बाया एकदम गप्प झाल्या, मंग सगळ्याच रडल्या. आवाज खुर्चीवरून येत होता अन् याडी माह्या अंगाले चिकटून होती. तिच्या गळ्याच्या भोकातून गरम वारा माह्या खांद्याले लागत होता. ओठ त्याच शब्दावर हालत होते. तू केलेल्या सुराच्या बरोबरीनं ती रडली, एकबी शब्द मागं-पुढं झाला नाही. मीबी माझा ढावलो म्हनला. जे पाह्यजे होतं ते मले भेटलं, भिया. कोणाले खोटं कायले सांगू.

मंग बापू. मंग भाऊ. नवरी भावाच्या गळ्यात पडून रडते, तुले ठावं आहे. काकाचा फुलसिंग पुढं झाला, कोणी तरी उभं राहा लागते म्हणून. बापूनं त्याले हातानं मागं सारला. ती जागा तशीच रिकामी ठेवली अन् मी रिकाम्या जागेकडं तोंड करून तुझ्या नावानं रडली. लोक पाहून राह्यले होते. मले इतली लाज वाटली, अन् तुझा इतला राग आला.

एक सांगाचं राह्यलं. मिठी मारताना याडीच्या मानेखाली कडक लागलं मले काही. सुंदरबाई म्हणे, दागिन्याचा काच असन. असन.

रुचिका


२० जुलै २०२५

भिया,

मी माहेरी आहे, काही दिवस राहीन.

मशीन बिघडली आहे. आवाज येत नाही. काय झालं ते समजत नाही. बापूनं कळवाले सांगितलं आहे. ते म्हणते, तिकडून होणार नाही, इथं येऊनच पाहा लागते.

रुचिका


१७ ऑगस्ट २०२५

भिया,

याडी गेली. फुलसिंगनं तुले त्या दिवशी मेल केला होता, तो तू वाचला असशीन. तरी माह्याकडून सांगाचं राह्यलं आहे ते सांगते, रागावशीन तं रागाव.

मशीन बिघडली नव्हती.

मानेखाली गाठ होती. अकोल्याच्या दवाखान्यात म्हणाले, आता घरी न्या, खाऊ-पिऊ घाला. घरी आल्यावर बापू मले म्हणे, "त्याले लिव, मशीन बिघडली." मी म्हनलं, याडीचं लिवते ना खरं. तं म्हणे, "आजाराचं नको लिवू. भीक मागतल्यासारखं होते. मशीनीचं लिवलं का तो ऐकते." त्याईचं चुकलं नाही, भिया. इतक्या दिवसात तू फक्त मशीनीचंच ऐकलं होतं.

मी लिवाले बसली. बापू सांगत होते, लिव, आवाज येत नाही. अन् आतून याडीचा आवाज आला, "पाणी दे." बापू उठले, तिले पाणी पाजून आले, तोंड पुसलं, अन् पुन्हा माह्यापुढं बसले. "लिव, आवाज येत नाही."

मी लिवलं. पाठवलं.

तुझं उत्तर आलं. पह्यल्यांदा उत्तर आलं! "रुची, कोणत्या शब्दावर बंद पडते? याडीले म्हण, धीर धर, करून देतो." मी बापूले वाचून दाखवलं. त्याईचं तोंड असं फुललं, का मी लहानपणापासून तसं पाह्यलं नव्हतं. म्हणे, सांग त्याले, सगळ्याच शब्दावर बंद पडते, आल्याशिवाय जमत नाही. मी तसं लिवलं. तू लिवलं, "मी आलो तं बापूले त्रास होईन. इथूनच करतो, थोडे दिवस द्या." तेबी वाचून दाखवलं. ते ऐकून बापूनं पगडी काढली, मांडीवर ठेवली, अन् तिच्याकडंच पाहत राह्यले. मी म्हनलं, आता तरी खरं लिवू द्या. नाही म्हणे. "तो काम करून राह्यला. काम सोडून येईन का? झालं का येईन."

तवाच मी त्याईचं ऐकाले नको होतं. एक ओळ लिवाची होती, याडी जाते, ये. मोबाइल हातात होता. नाही लिवली. ते याडीसाठी नाही, बापूसाठी नाही, मले भीती वाटली म्हणून नाही लिवली. खरं लिवलं अन् तरीबी तू आला नसता तं? मंग मी काय केलं असतं? खोट्या बिघाडापायी तू नाही आला, हे मी सोसलं असतं. खरं सांगूनबी नाही आला, हे नाही सोसलं असतं.

तू तिकडं रात्रंदिवस नसलेला बिघाड शोधत होता. नमरा सांगत होती, रोज काहीतरी बदलून राह्यला तुझा भाऊ, एकेक फ्लॅग काढून पाह्यते, घालून पाह्यते. इकडं याडीचं बोट बटनापर्यंत पुरत नव्हतं. शेवटी शेवटी मी तिचं बोट धरून गिलासावर ठेवत होती. तिनं बटनं सोडली अन् माह्या हातावर बोटानं काही काढलं, दोन-तीनदा. तिले लिवता येत नव्हतं. काय काढलं मले समजलं नाही. तुझं काही असन, असं मी धरून चालली.

तुझं नवीन व्हर्जन आलं त्या दिवशी सकाळी तिले नेलं होतं. नमरा मातीले आली होती, तिच्या फोनवर दिसलं. तिनं मले आडोशाले घेऊन सांगितलं. मी बापूले सांगितलं. मले वाटलं, मोडतीन. नाही मोडले. म्हणे, "टाक मशीनीत." मी म्हनलं, बापू, आता? म्हणे, "पोरानं केलं आहे ना. टाक." नमरानं टाकलं. बापूनं स्वतः बटन नाही दाबलं, मले दाबाले लावलं. आवाज आला, जसा आधी येत होता तसाच. बापूनं विचारलं, "झाली का दुरुस्त?"

मी म्हनलं, झाली.

आता जो कोणी भेटाले येते, नातलग, तांड्यातले, रिठदकडचे माझे सासरचे, जो तो तेच विचारते, पोरगा कोठी आहे, माय गेली तरी कसा आला नाही. बापू मशीन उघडून दाखवते. म्हणते, मशीन बिघडली होती. मायचा आवाज बंद पडला होता. पोरगा तिकडं तेच दुरुस्त करत बसला होता, उपाशीतापाशी, म्हणून नाही आला. झाली दुरुस्त. पाह्यता का? अन् लोक मान हालवतात, पोरगा गुणाचा आहे म्हणतात.

मी त्याईले खोटं पाडलं नाही. तू ये. कोणी विचारलं तं तूबी हेच सांगजो.

तुझी भेन,
रुची